ओसीडीची जोड-औषधे, वर्षभराच्या सुरक्षिततेच्या कसोटीवर

ओसीडी म्हणजे नकोसे विचार आणि त्यांपायी होणाऱ्या सक्तीच्या कृतींचा आजार. त्याच्या मुख्य गोळीला (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) जोड म्हणून जी औषधे दिली जातात, त्या सगळ्यांत एक मोठी उणीव सारखीच आहे. त्यांच्या चाचण्या बहुतेक सहा ते सोळा आठवड्यांत आटोपल्या, आणि प्रत्यक्षात मात्र जोडीची गोळी एकदा सुरू झाली की वर्षानुवर्षे चालते. म्हणून 'गुण येतो का' एवढे विचारून या औषधांचे परीक्षण पूर्ण होत नाही. वर्षभर घेतल्यावर वजन, साखर, संप्रेरके, हालचाली आणि यकृत यांचे काय होते, आणि हे बिघडते आहे हे वेळेत कळते का, ही खरी कसोटी आहे.

निकाल आधीच सांगतो. कमी मात्रेतले ॲरिपिप्राझोल पहिल्या क्रमांकावर. रिस्पेरिडोन दुसऱ्या, पण प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकावर लक्ष ठेवूनच. मेमँटिन शरीराला कमी जड, मात्र त्याचा पुरावा लहान आहे. लॅमोट्रिजिन फार हळू चढवायची तयारी असेल तरच घ्यावे. रिल्युझोल यकृताच्या तपासण्यांशिवाय नकोच. ओलान्झापिन आणि क्वेटियापिन निव्वळ ओसीडीसाठी वर्षानुवर्षे घ्यावीत असा पुरावा नाही. यांपैकी एकालाही अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने ओसीडीवरचे जोड-औषध म्हणून मंजुरी दिलेली नाही. डॉक्टर ती आपल्या अधिकारात आणि जबाबदारीवर लिहून देतात. हे बेकायदा नाही, पण त्यामुळे देखरेखीचा भार औषध लिहिणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर जास्त पडतो.

आधी पाहा: जोड खरेच हवी का?

मुख्य औषध पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस घेऊन झाले नसेल, तर 'औषध लागू पडत नाही' हा निष्कर्षच घाईचा ठरतो. ओसीडीला नैराश्यापेक्षा मोठी मात्रा लागते आणि वेळही जास्त. सर्ट्रालिन २०० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुओक्सेटिन ६० ते ८०, फ्लुवोक्सामिन ३००पर्यंत, पॅरोक्सेटिन ६०पर्यंत, क्लोमिप्रामिन जास्तीत जास्त २५०. आणि सोसवेल त्या सर्वोच्च मात्रेवर आठ ते बारा आठवडे. ५० मिलिग्रॅम सर्ट्रालिनवर दीड महिना काढला आणि रिस्पेरिडोन सुरू झाले, असे फार वेळा घडते. २००६ साली ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. मुख्य औषध सर्वोच्च मात्रेत किमान तीन महिने घेऊन झाल्यावरच जोडीचा अँटीसायकोटिक (मनोविकृतीवरचे औषध, जसे रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल) विचारात घ्यावा, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. त्याच विश्लेषणात जोड दिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना उपयोग झाला, आणि ज्यांना टिक्सही (अचानक, नकळत होणारे झटके किंवा आवाज) होत्या त्यांना जास्त. म्हणजे तिघांपैकी दोघे दुष्परिणामांचा धोका घेतात आणि त्यांच्या हाती काही लागत नाही. जोडीची गोळी वर्षभर चालवायची की नाही, याचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा आहे.

मात्रेइतकाच दुसरा प्रश्न ईआरपीचा. ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि नंतरची सक्तीची कृती करायची नाही, ही ती उपचारपद्धती. सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुख्य औषध चालू असूनही त्रास शिल्लक असलेले १०० जण होते. काहींना आठवड्यातून दोनदा अशी ईआरपीची १७ सत्रे मिळाली, काहींना रिस्पेरिडोन, काहींना नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांनी वाय-बॉक्सचे (ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या मापाचे) गुण किमान २५ टक्क्यांनी उतरलेले लोक ईआरपीच्या गटात ८० टक्के होते, रिस्पेरिडोनच्या गटात २३ टक्के आणि दिखाऊ गोळीच्या गटात १५ टक्के. २३ आणि १५ हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. जोडीच्या गोळीची दीर्घकालीन सुरक्षितता तपासण्याआधी ईआरपी खरोखर झाली आहे का, हे विचारायलाच हवे. 'समुपदेशन झाले' म्हणजे ईआरपी झाली असे नव्हे. घरचे लोक रुग्णाच्या वतीने कुलपे तपासून देत असतील, शंभरदा 'काही होणार नाही' म्हणून धीर देत असतील, तर उत्तम ईआरपीही अर्धी वाया जाते, आणि मग दोष औषधाच्या माथी बसतो.

दीर्घकालीन सुरक्षितता मोजतात कशी, आणि ती कुठे फसवते

नव्या औषधाची मूळ चाचणी संपली की त्याच लोकांना पुढे कित्येक महिने तेच औषध उघडपणे देऊन पाहतात. यात दिखाऊ गोळीचा गट नसतो. सगळ्यांना खरे औषध, आणि ते सगळ्यांना माहीत. अशा अभ्यासातून उपयोगी माहिती मिळते, पण ती वाचताना तीन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते.

पहिले म्हणजे, पुढच्या टप्प्यात आलेले लोक आधीच गाळून आलेले असतात. पहिल्या आठ-दहा आठवड्यांत ज्यांना औषध सोसले नाही ते केव्हाच बाहेर पडले. उरलेल्यांत दुष्परिणाम कमी दिसणारच. म्हणून सुरुवातीला किती जण होते, वर्षाअखेर किती उरले आणि गेलेले कशामुळे गेले, हा तक्ता आधी काढावा. अहवालाचा सारांश नंतर. दुसरे, सरासरी वजनवाढ हा आकडा खूप काही झाकतो. दहा जणांपैकी आठ जणांचे वजन जागच्या जागी आणि दोघांचे आठ-आठ किलोने वाढले, तरी सरासरी १.६ किलोच दिसते. मूळ वजनाच्या ७ टक्क्यांहून जास्त वाढ किती जणांत झाली, हा आकडा शोधावा. तिसरे, त्रास कसा विचारला गेला? 'काही तक्रार?' एवढ्या प्रश्नावर लैंगिक अडचणी, पाळी चुकणे, स्तनातून स्राव येणे या गोष्टी बहुतेक लोक सांगतच नाहीत. नेमकी यादी हाती घेऊन एकेक विचारले की याच तक्रारींचे प्रमाण लक्षणीय वाढते.

आणि मग संख्येचा प्रश्न. दीर्घकाळ घेण्याच्या, पण जीवघेण्या नसलेल्या आजारांवरच्या औषधांसाठी आयसीएच या औषध-नियमांत एकवाक्यता आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९४च्या मार्गदर्शक सूचनेत एकूण सुमारे १५०० लोक, त्यांतले ३०० ते ६०० सहा महिने आणि किमान १०० जण वर्षभर, अशी अपेक्षा आहे. आता साधे गणित: १०० लोकांत वर्षभरात एखादा गंभीर दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी त्याचे खरे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकते. ३०० लोकांत न दिसल्यास १ टक्क्यापर्यंत. तीनला अभ्यासातल्या लोकांच्या संख्येने भागायचे, एवढाच नियम. 'वर्षभराच्या अभ्यासात एकही गंभीर घटना नाही' हे वाक्य दिलासा देणारे वाटते, पण हजारात एखाद्याला होणाऱ्या गोष्टीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

ॲरिपिप्राझोल

दिखाऊ गोळीशी तुलना करून झालेल्या चाचण्यांत १० ते १५ मिलिग्रॅमची मात्रा वापरली गेली आणि फायदा दिसला. त्या १२ ते १६ आठवड्यांच्या होत्या आणि त्यांत प्रत्येकी चाळीसच्या आसपास लोक. २०१४ साली वील आणि सहकाऱ्यांनी सगळ्या अँटीसायकोटिक जोडींचा आढावा घेतला तेव्हा कमी मात्रेतले ॲरिपिप्राझोल आणि रिस्पेरिडोन ही दोनच नावे टिकली, तीही सावधगिरीच्या सूचनेसह आणि सुमारे चार आठवड्यांत निर्णय घेण्याच्या सल्ल्यासह. क्वेटियापिन आणि ओलान्झापिन दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

व्यवहारात २ ते २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत ५ ते १० वर थांबणे बरे. घाई करू नये, कारण या औषधाचा अर्धायुष्यकाळ (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे ७५ तासांचा आहे आणि त्याच्या सक्रिय रूपाचा त्याहून जास्त. एकदा मात्रा वाढवली की तिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून पुन्हा वाढवली, तर दोन वाढींचा परिणाम एकाच वेळी अंगावर येतो.

त्यातही फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन मुख्य औषध असेल, तर ही दोन्ही औषध मोडणारे सीवायपी२डी६ हे यकृतातले विकर अडवतात आणि ॲरिपिप्राझोलची रक्तातली पातळी चढते. अशा जोडीत त्याची मात्रा नेहमीच्या निम्मी ठेवावी, असे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे. कागदावर ५ मिलिग्रॅम आणि शरीरात जवळपास १०, अशी गत होते. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामबरोबर हा प्रश्न सौम्य असतो.

याचा सर्वांत फसवा दुष्परिणाम म्हणजे अकॅथिसिया: आतून येणारी असह्य चुळबूळ, पाय एका जागी न राहणे, बसले की उठावेसे वाटणे. ओसीडीच्या रुग्णाला आधीच अस्वस्थता असते, त्यामुळे घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही आजार वाढल्यासारखे वाटते. मग मात्रा वाढते, चुळबूळ आणखी वाढते. ओळखायची खूण अशी: ओसीडीची अस्वस्थता एखाद्या विचाराला बांधलेली असते आणि सक्तीची कृती केली की थोडा वेळ उतरते, अकॅथिसियाला विचार लागत नाही, ती पायांत असते आणि चालल्यावर कमी होते. मात्रा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ती उपटली तर संशय आणखी पक्का. उपाय मात्रा कमी करणे हाच, गरज पडल्यास डॉक्टर प्रोप्रानोलॉलचा विचार करतात.

दीर्घकालीन बाजू बऱ्यापैकी चांगली. वजन आणि साखर यांवरचा परिणाम ओलान्झापिनपेक्षा बराच कमी, प्रोलॅक्टिन वाढवत नाही, उलट खाली आणते. मात्र २०१६च्या मे महिन्यात एफडीएने एक इशारा दिला, तो ओसीडीच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. ॲरिपिप्राझोलवर काही लोकांत जुगार, खरेदी, खाणे किंवा लैंगिक वर्तन यांची अनावर ओढ निर्माण होते आणि मात्रा कमी केल्यावर किंवा गोळी बंद केल्यावर ती जाते. ओसीडीवर उपचार चालू असताना असे काही सुरू झाले, तर तेही 'आजाराचेच नवे रूप' म्हणून खपून जाते. फरक आहे. ओसीडीची कृती भीती शमवण्यासाठी केली जाते, ही ओढ मजेची असते. दर भेटीत थेट विचारावे: ऑनलाइन खेळ, पैसे लावणे, मध्यरात्रीची खरेदी. लाजेने कोणी आपणहून सांगत नाही.

रिस्पेरिडोन

सर्वांत जुना आणि अभ्यासलेला पर्याय. २००० साली मॅकडूगल आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या चाचणीत सरासरी २.२ मिलिग्रॅमवर १८ पैकी ९ जणांना उपयोग झाला, दिखाऊ गोळीवर १५ पैकी एकालाही नाही. नंतरच्या अभ्यासांत हा झगमगाट बराच ओसरला. वर दिलेला २०१३चा अभ्यास त्याचेच उदाहरण. तरी टिक्स असलेल्या रुग्णात याचा विचार करणे योग्य.

०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅमने रात्री सुरुवात, आठवड्याला अर्ध्या मिलिग्रॅमची वाढ, १ ते २ वर मुक्काम. ३च्या वर ओसीडीसाठी जाण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. फायदा वाढत नाही आणि स्नायूंचा ताठपणा, कंप, मंद हालचाली हमखास वाढतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन याचीही पातळी वाढवतात.

वर्षभराच्या वापरात याची दुखरी जागा प्रोलॅक्टिन. ते वाढले की स्त्रियांत पाळी अनियमित होते किंवा थांबते, पुरुषांत इच्छा आणि ताठरता कमी होते, दोघांतही स्तनांना सूज किंवा स्राव येऊ शकतो. आणि पाळी महिनोन्महिने बंद राहिली तर हाडांची घनता उतरते. मुख्य औषधांमुळे लैंगिक अडचणी आधीच असतात, त्यामुळे नवी तक्रार त्यांच्याच नावावर जमा होते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वीची प्रोलॅक्टिनची पातळी हाती असणे फार मोलाचे. नंतर वाढलेला आकडा आला, तर तो आधीपासूनचा की गोळीचा, हे एरवी ठरवता येत नाही. नमुना सकाळी, उठून तास-दोन तास झाल्यावर, शांतपणे बसून द्यावा. धावपळ आणि ताणानेही हे संप्रेरक वाढते.

ओलान्झापिन आणि क्वेटियापिन

यांच्यावर जास्त शब्द खर्च करण्याचे कारण नाही. ओसीडीतला फायदा सिद्ध नाही आणि वजन, साखर, चरबी यांचा भार, विशेषतः ओलान्झापिनचा, सर्वांत जड. फ्लुवोक्सामिनबरोबर तर ओलान्झापिन देऊच नये असे आमचे मत, कारण फ्लुवोक्सामिन सीवायपी१ए२ हे दुसरे विकर अडवते आणि ओलान्झापिनची पातळी चढते. धूम्रपान करणाऱ्यात उलटे होते: धुरामुळे हे विकर वेगाने काम करते, पातळी खाली राहते, आणि सिगारेट सोडली की त्याच मात्रेवर गुंगी वाढते. झोपेसाठी म्हणून रात्री दिलेले थोडेसे क्वेटियापिन वर्षानुवर्षे तसेच राहते, तेही तपासून पाहावे.

मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ९० रुग्णांचा वर्षभराचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात मुख्य औषधाने बरे वाटलेले लोक एका बाजूला आणि रिस्पेरिडोन, ओलान्झापिन किंवा क्वेटियापिनची जोड लागलेले दुसऱ्या बाजूला होते. वर्षअखेरीसही जोडीच्या गटातला त्रास अधिकच राहिला, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) १० टक्क्यांहून जास्त वाढलेल्यांचे प्रमाणही त्याच गटात बरेच मोठे होते. हे यादृच्छिक वाटप नव्हते आणि दुसरा गट मुळातच अवघड रुग्णांचा होता, त्यामुळे 'जोडीने बिघडवले' असे म्हणता येणार नाही. पण जोडीच्या गोळीचा शरीरावरचा भार वर्षात कुठवर जातो, हे त्यातून दिसते. असे वर्षभराचे अभ्यास अजून फार थोडे आहेत, याची खंत वाटते.

ग्लुटामेटवर काम करणारी औषधे

ग्लुटामेट हे मेंदूतले एक संदेशवाहक रसायन. मेमँटिन स्मृतिभ्रंशासाठी वापरात असलेले जुने औषध. ५ मिलिग्रॅमने सुरुवात, दर आठवड्याला ५ची वाढ, १० मिलिग्रॅम दोन वेळा हे लक्ष्य. ओसीडीतल्या चाचण्या लहान आणि बहुतेक आठ ते बारा आठवड्यांच्या. मात्र वृद्धांनी ते वर्षानुवर्षे घेतल्याचा अनुभव असल्याने शरीरावरच्या दीर्घ परिणामांबद्दल आपण अगदी अंधारात नाही. गरगरणे, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, क्वचित गोंधळलेपण. ते मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहूनच सुरू करावे आणि मूत्रपिंड फार मंद असेल तर मात्रा निम्मी करावी. खोकल्याच्या सिरपमधले डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेमँटिनशीही जुळत नाही आणि मुख्य औषधाबरोबर सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन अति वाढल्याने होणाऱ्या गंभीर त्रासाचा) धोकाही वाढवते. खोकल्याची बाटली घेताना लेबल वाचावेच.

रिल्युझोलला १९९५ साली एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी मंजुरी मिळाली. ५० मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, कारण जेवणाबरोबर ते कमी शोषले जाते. यकृताची विकरे वाढवण्याची त्याची सवय जुनी आणि ठाऊक असलेली. एएलटी या यकृताच्या विकराची तपासणी औषध सुरू करण्यापूर्वी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला, पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी. ताप आला तर पांढऱ्या पेशी मोजाव्यात, कारण क्वचित त्या खूप उतरतात. कोरडा खोकला आणि दम लागल्यास छातीचा एक्स-रे. फ्लुवोक्सामिनचा अडथळा इथेही आहे: तेच सीवायपी१ए२, त्यामुळे रिल्युझोलची पातळी वाढते. ओसीडीचे रुग्ण नेमके फ्लुवोक्सामिनवर असण्याची शक्यता मोठी, आणि ही जोडी नजरेतून सुटते. २०१५ सालच्या पिटेंगर यांच्या ३८ जणांच्या चाचणीत एकूण फायदा ठळक नव्हता. मुलांवरच्या चाचणीतही नव्हता, आणि तिथे एकाला स्वादुपिंडाचा दाह झाला. एवढ्या पुराव्यावर एवढ्या तपासण्यांचे औषध घ्यायचे, तर बाकीचे दरवाजे ठोठावून झालेले हवेत.

बायोहेवन कंपनीचे ट्रोरिल्युझोल हे याचेच बदललेले रूप. शरीरात जाऊन त्याचे रिल्युझोल होते, दिवसातून एकदा घेता येते, जेवणाची अट राहत नाही आणि यकृतातून पहिल्या फेरीत होणारी गळती टाळायची अशी त्याची रचना. ओसीडीत मुख्य औषधाला जोड म्हणून त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या आणि सोबत दीर्घकालीन सुरक्षिततेचा वेगळा उघड अभ्यास हाती घेतला गेला. त्याला ओसीडीसाठी मंजुरी नाही, त्यामुळे चाचणीबाहेर ते घेण्याचा प्रश्न येत नाही. चाचणीत सामील होणाऱ्याने मात्र संमतीपत्रावर सही करताना काही गोष्टी लेखी विचाराव्यात: यकृताच्या तपासण्या किती वेळा होतील, विकरे किती वाढली की औषध थांबेल, आत्महत्येच्या विचारांची विचारपूस प्रत्येक भेटीत होईल का, आणि अभ्यास संपल्यावर, औषध लागू पडलेले असेल तर, ते पुढे मिळेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असते आणि ते आधी माहीत असलेले बरे.

लॅमोट्रिजिनबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग हळूहळू १००, व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचे औषध चालू असेल तर याच्या निम्मे. अंगावर चट्टे उठले, आणि त्यातही ताप किंवा तोंडात-डोळ्यांत फोड आले, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पाचेक दिवस गोळ्या चुकल्या तर पुन्हा २५ पासून. एन-ॲसिटिलसिस्टीन रोज २४०० ते ३००० मिलिग्रॅम विभागून देतात. मळमळ आणि गंधकाचा वास सोडला तर ते बहुतेकांना सोसते, दमेकऱ्यांनी जपून घ्यावे. चाचण्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

वर्षभराची तपासणी

वजन, साखर आणि चरबी यांचे किमान वेळापत्रक अमेरिकेच्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ साली मिळून दिले, ते आजही उपयोगी आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, चरबीची तपासणी आणि घरातला मधुमेहाचा इतिहास. मग वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात, पुढे दर तिमाहीला. रक्तदाब आणि साखर बाराव्या आठवड्यात, मग वर्षातून एकदा. चरबीही बाराव्या आठवड्यात. पुढे त्या वेळापत्रकात ती दर पाच वर्षांनी आहे, आम्ही वर्षातून एकदा सुचवू. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली की औषध बदलायचा विचार तिथेच करायचा. ७० किलोच्या माणसात ही रेषा साडेतीन किलोची. प्रत्यक्षात ती ओलांडल्याचे दहा किलो वाढल्यावर कळते, कारण पहिले वजन कोणी लिहूनच ठेवलेले नसते.

हालचालींसाठी एम्स (एआयएमएस, नकळत होणाऱ्या हालचाली मोजणारे माप) ही तपासणी सुरुवातीला आणि पुढे दर सहा महिन्यांनी. काही मिनिटांचे काम आहे: चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय आणि धड अशा सात ठिकाणच्या नकळत होणाऱ्या हालचालींना ० ते ४ गुण. तोंडात च्युइंगम किंवा सैल कवळी असेल तर आधी काढायला सांगावे, आणि पायांतले बूट-मोजेही. टार्डिव्ह डिस्किनेशिया, म्हणजे अँटीसायकोटिकमुळे जडणाऱ्या अशा नकळत हालचाली, हा विकार कमी मात्रेवरही होऊ शकतो, वय वाढले की जास्त होतो, आणि लवकर सापडला तरच मागे फिरण्याची आशा चांगली असते. गोळी चालू असताना तो झाकलेला राहू शकतो, हेही विसरू नये.

एस्सिटालोप्राम किंवा क्लोमिप्रामिन मोठ्या मात्रेत चालू असेल, तर ईसीजी सुरुवातीला आणि जोड-औषध स्थिरावल्यावर. क्यूटीसी (ईसीजीवर दिसणारा हृदयाच्या विद्युत-चक्राचा वेळ) ५०० मिलिसेकंदांवर गेला किंवा ६०ने वाढला तर मात्रेचा फेरविचार, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासणे. जुलाब-उलट्यांच्या आजारात हा धोका अचानक वाढतो.

आणि वाय-बॉक्स. दर चार आठवड्यांनी ० ते ४० मधला आकडा तारखेसह लिहिलेला असावा. ३५ टक्क्यांची घट म्हणजे चांगला प्रतिसाद, २५ ते ३५ म्हणजे अर्धवट. २८ वरून २६ झाले तर ते यश नव्हे. पण तो आकडाच नसेल, तर 'थोडे बरे आहे' या दोन शब्दांवर गोळी तीन वर्षे चालते.

बंद करताना

जोड-औषध सुरू करतानाच फाइलवर एक तारीख लिहावी: अमुक आठवड्यापर्यंत २५ टक्केही फरक नसेल तर थांबवायचे. चौथ्या आठवड्यात काहीच हलले नसेल तर ते चांगले लक्षण नाही. बारा आठवड्यांनंतर ताणण्याला आधार उरत नाही.

गुण आला असेल तर निर्णय अवघड होतो. मायना आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अशा १८ जणांची माहिती दिली, ज्यांनी गुण आल्यावर अँटीसायकोटिक बंद केले होते. त्यांतल्या १५ जणांचा त्रास परतला, बहुतेकांचा पहिल्या आठ आठवड्यांतच. अभ्यास लहान आणि मागे वळून पाहणारा आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून प्रतिसाद चांगला आणि तपासण्या स्वच्छ असतील तर घाईने बंद करू नये, आणि बंद करायचेच असेल तर ईआरपीची सत्रे पुन्हा सुरू करून मगच हात लावावा. रिस्पेरिडोन दर दोन ते चार आठवड्यांनी ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमने उतरवावे. ॲरिपिप्राझोल स्वतःच हळू बाहेर पडते, त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन आठवडे सगळे ठीक वाटते आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. परीक्षा, प्रवास, लग्नकार्य अशा ताणाच्या दिवसांत उतरवू नये. आठ आठवडे दर पंधरवड्याला वाय-बॉक्स घ्यावा आणि प्रत्येक वेळी जीभ व ओठांच्या हालचाली पाहाव्यात. गोळी उतरताना त्या दिसू लागल्या तर मात्रा आपण होऊन पुन्हा वाढवू नये. त्या झाकल्या जातील, जाणार नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवून, मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण सोबत न्यावे, कारण भेटीच्या वेळी त्या हालचाली नेमक्या दबलेल्या असू शकतात.